दगडात हाताने अक्षर कोरायचं कसं: खास देवनागरीसाठी, पहिल्या रेघेपासून पाटी भिंतीवर लागेपर्यंत

दगडात अक्षरं कोरायला शिकायचंय म्हटलं की पहिला प्रश्न हमखास येतो, छिन्नी कुठली घेऊ? छिन्नी एका दुपारी बाजारात जाऊन आणता येते हो, तो सगळ्यात सोपा भाग आहे. अवघड आहे ते अक्षर. कागदावर जे अक्षर बेंगरूळ आहे ते दगडात गेल्यावर जास्तच बेंगरूळ दिसतं, कारण आता त्याला सावली पण पडते. त्यामुळे या कामातला निम्म्याहून जास्त वेळ पेन्सिल हातात असते, हे ज्याला पटत नाही त्याने ग्राइंडर घ्यावा आणि मोकळं व्हावं.

दुसरी गोष्ट म्हणजे इंटरनेटवर जे शिकवणारे व्हिडिओ सापडतात ते जवळजवळ सगळे रोमन अक्षरांचे. छिन्नी कशी धरायची, हात कसा चालवायचा हे त्यातून जरूर बघा, पण आपल्याकडे शिरोरेषा आहे, वर वेलांट्या-मात्रा, खाली उकार, मध्येच ष्ट्र नाहीतर ज्ञ, त्याबद्दल तिथे कोण सांगणार? म्हणून इथे सगळं देवनागरी धरूनच लिहितोय.

दगड

आपल्या महाराष्ट्राचा दगड म्हणजे काळा पाषाण, बेसाल्ट. नाणेघाटातला सातवाहन राणी नागनिकेचा ब्राह्मी लेख त्याच दगडात आहे. पण शिकायला बेसाल्ट घेऊ नका. तो कठीण असतो, साध्या पोलादी छिन्नीची धार लगेच बसते आणि नवशिक्याचा उत्साह त्याहून लवकर बसतो. कोकणातला जांभा मऊ असतो पण भोकाभोकांचा, त्यात बारीक कड टिकत नाही. ग्रॅनाइट तर सोडूनच द्या, बाजारात ग्रॅनाइटवर जी सोनेरी अक्षरं दिसतात ती बहुतेक सँडब्लास्टिंगची (वाळूचा जोरदार मारा करून खोदलेली) किंवा मशीनची असतात.

मग घ्यायचं काय? चुनखडीच्या जातीचे दगड. कडप्पा, कोटा, शहाबाद. संगमरवरही मूळ त्याच घराण्यातला. या सगळ्यांतलं मुख्य खनिज कॅल्साइट आणि खनिजांसाठीच्या १ ते १० च्या मोह्स मापावर त्याचा कठीणपणा ३, क्वार्ट्झचा ७, म्हणजे पोलादाची छिन्नी इथे आरामात चालते. ओळखायचं असेल तर चाकूने ओरखडा काढा, चुनखडीवर सहज उठतो. लिंबाचे दोन थेंब टाकले तरी बारीक बुडबुडे येतात.

माझं मत विचाराल तर पहिला दगड कडप्पाच. मांडण्या आणि ओटे बसवणाऱ्यांकडे त्याचे कटपीस पडलेले असतात, बऱ्याचदा नुसते मागितले तरी मिळतात. पृष्ठभाग घासून गुळगुळीत काळा करता येतो आणि कोरल्यावर आतली बाजू फिकट राखाडी दिसते, त्यामुळे आपण काय करतोय ते रंग न भरता लगेच कळतं. तोटा एकच, तो थरांचा दगड आहे, कडेने पापुद्रे सुटू शकतात. म्हणून घेताना दोन गोष्टी करा. एका कोपऱ्यावर उचलून हातोडीने हलकेच वाजवा, टणटणीत आवाज आला तर चांगला, भद्द आला तर आत चीर आहे. मग पाणी ओतून वाळू द्या, सगळा दगड वाळला तरी एखादी ओलसर काळी रेघ राहिली की समजायचं चीर तिथेच आहे. जाडी निदान इंचभर तरी बघा. त्याहून पातळ फरशी असेल तर खाली ओलसर वाळू किंवा गोणपाट घालून सगळीकडून टेकवा, अधांतरी राहिली तर एखाद्या ठोक्याला दोन तुकडे.

हत्यारं

८ ते १० मिलिमीटर रुंद सपाट छिन्नी एक, ४-५ मिलिमीटरची एक. बस. ही मूर्तिकारांकडे, संगमरवरवाल्यांकडे मिळते, टोकाला टंगस्टन कार्बाइड लावलेली असेल तर उत्तम कारण धार खूप टिकते. साधी पोलादी घेतली तरी चालेल, फक्त पाणी दिलेली, म्हणजे तापवून बुडवून टणक केलेली हवी, नाहीतर तोंड दुमडतं. टोकदार टाकी, म्हणजे पाटा-वरवंट्याला टाकी लावणारे वापरतात ती, दगड ओबडधोबड उडवायला असते, अक्षराच्या कडेला ती लावायची नाही. हातोडी ४००-५०० ग्रॅमची, दांडा आखूड. जड हातोडीने काम लवकर होतं हा गैरसमज आहे, मनगट मात्र लवकर जातं.

धार लावायची सोय घरातच हवी. पोलादाला पाण्याचा धारेचा दगड चालतो, कार्बाइडला डायमंड प्लेट किंवा हिरवा सिलिकॉन कार्बाइडचा दगड लागतो. धार बोथट झाली की आपण नकळत जोर वाढवतो आणि टवका उडतो. कड तुटतेय असं वाटलं की दगडाला शिव्या देण्याआधी छिन्नी बघा.

आणि मास्क. हे मी कंटाळवाणं वाटलं तरी सांगणार. दगडाच्या धुळीतली सिलिका फुफ्फुसात बसली की सिलिकोसिस होतो आणि तो बरा होत नाही, राजस्थानात खाणकामगार आणि दगडकाम करणाऱ्यांमध्ये तो इतका आहे की तिथल्या सरकारला २०१९ मध्ये त्यासाठी वेगळं धोरण काढावं लागलं. वाळूचा दगड आणि ग्रॅनाइट यात सगळ्यात वाईट, चुनखडीत कमी, पण कमी म्हणजे शून्य नाही. एन ९५ मास्क नाकावर घट्ट बसवा, रुमाल बांधून काही होत नाही. डोळ्याला गॉगल. झाडू कोरडा मारू नका, पाणी शिंपडून ओलं पुसून घ्या, आणि धूळ तोंडाने फुंकायची सवय लागते ती पहिल्या दिवसापासून मोडा, मऊ ब्रश ठेवा.

अक्षर: कागदावर

कॉम्प्युटरवर नाव टाईप केलं, मंगल फॉन्टमध्ये प्रिंट मारली, ट्रेस केलं आणि कोरलं, असं करू नका. मंगल स्क्रीनवर वाचण्यासाठी केलेला फॉन्ट आहे, अक्षररचनाकार र. कृ. जोशींनी तो त्या कामासाठी केला आणि तिथे तो चोख आहे, पण दगडाची गरज वेगळी. शिवाय बऱ्याच फॉन्टमध्ये ल आणि श हिंदी वळणाचे येतात. मराठी ल आणि मराठी श कसे हवेत हे राज्य सरकारच्या २००९ च्या शासन निर्णयातही दिलंय, आणि घरावरच्या पाटीत ते खटकतातच. ‘ऱ्य’ ‘ऱ्ह’ मधला तो अर्धचंद्रासारखा र पण नीट तपासा.

त्यापेक्षा बोरू घ्या, नाहीतर कापलेल्या टोकाचा मार्कर. बोरूचं टोक तिरकं, साधारण ४५ अंशात धरलं की आडवी शिरोरेषा आणि उभा दंड दोन्ही जवळपास सारख्या जाडीचे येतात, आणि तिरप्या-गोल भागात जाड-बारीक आपोआप होतं. हे ‘आपोआप’ महत्त्वाचं आहे. ग कुठे फुगतो, त ची शेपटी कुठे बारीक होते हे हाताला एकदा कळलं की दगडात तुम्ही अंदाजाने काही करत नाही. मोठ्या अक्षरांसाठी सपाट ब्रशने वर्तमानपत्राच्या रद्दीवर काढा. छापील वळण बघायचं असेल तर निर्णयसागर छापखान्याची जुनी पुस्तकं बघा. जावजी दादाजींनी १८६९ मध्ये मुंबईत तो काढला आणि राणोजी रावजी आरू यांनी तिथे खिळे, म्हणजे छपाईची धातूची अक्षरं, पाडले, त्या अक्षरांचा तोल आजही शिकण्यासारखा आहे. मोडी कोरायचा मोह काहींना होतो, पण मोडी धावतं कागदी वळण, जुने शिलालेखसुद्धा मोडीत फार कमी आहेत.

आता मापं. एक उदाहरण घेऊ, अक्षराची मुख्य उंची (शिरोरेषेपासून दंडाच्या टोकापर्यंत) ६० मिलिमीटर. रेघेची जाडी त्याच्या सातव्या हिश्श्याच्या आसपास, म्हणजे ८ मिलिमीटर. वर वेलांटी-मात्रा-अनुस्वाराला २५, खाली उकाराला २०, आणि दोन ओळींमध्ये श्वास घ्यायला १०. झाले ११५. म्हणजे एका शिरोरेषेपासून पुढच्या शिरोरेषेपर्यंत अक्षराच्या जवळपास दुप्पट जागा लागते, आणि नवीन माणूस नेमका इथे फसतो, कारण त्याने ६० अधिक थोडंसं एवढंच धरलेलं असतं. दोन फूट बाय एक फूट पाटीवर या मापाच्या दोनच ओळी बसतात आणि एका ओळीत आठ-नऊ अक्षरं. त्यात ‘आई-वडिलांचा आशीर्वाद’ आणि खाली कुटुंबातल्या सगळ्यांची नावं हवी असतील तर दगड मोठा घ्या, अक्षर बारीक करू नका. ४० मिलिमीटरच्या खाली क ची गाठ, ळ ची भोकं, श्र ची तंगडी हे सगळं इतकं चिमुकलं होतं की मधला दगड टिकत नाही.

मजकूर दगडावर घेण्याआधी दुसऱ्या कोणाकडून तरी वाचून घ्या, आणि ज्याला मराठी शुद्धलेखनाची खाज आहे असा माणूस निवडा. गावोगावच्या कोनशिलांवर ‘आशिर्वाद’ आणि ‘जिर्णोद्धार’ कायमचे कोरलेले दिसतात, दोन्हीत दीर्घ हवा (आशीर्वाद, जीर्णोद्धार). शके घालणार असाल तर इसवी सनातून ७८ वजा करा, पण तारीख जानेवारीपासून गुढीपाडव्याच्या आतली असेल तर ७९.

दगडावर घेणं

आधी पृष्ठभाग वॉटर पेपरने (पाण्यात चालणाऱ्या पॉलिश पेपरने) पाणी लावून घासा, ८० नंबरपासून सुरू करून १२०, २२०. अगदी आरशासारखी पॉलिश करू नका, पेन्सिल बसत नाही आणि चमकेमुळे सावली दिसत नाही. कडप्प्यावर पांढऱ्या पोस्टर कलरचा पातळ हात मारा, संगमरवरासारख्या फिकट दगडावर गेरूचा. त्यावर रेघा स्पष्ट दिसतात आणि कोरलेला भाग लगेच वेगळा कळतो.

शिरोरेषेची रेघ आधी, पट्टी आणि गुण्या लावून. मग तळाची. मग कागद चिकटपट्टीने वरच्या कडेला लावून खाली कार्बन पेपर, कडक पेन्सिलने गिरवा. कागद काढल्यावर लांब जाऊन बघा आणि हाताने दुरुस्त करा, कार्बनची रेघ म्हणजे काही देवाचा शब्द नाही. अंतरं डोळ्याने ठरवा, पट्टीने नाही. ‘ग’ आणि ‘ा’ शेजारी आले की दंडांची गर्दी होते, तिथे थोडी जास्त जागा. ‘र’ आणि ‘ट’ पोकळ, तिथे कमी.

आणि आता देवनागरीतली खरी फसवी जागा. शिरोरेषा एकच लांब सरळ रेघ असल्यामुळे छिन्नी एकदा तिच्यावर लागली की हात थांबत नाही. पण भ, ध, थ यांच्या डोक्यावर ती तुटलेली असते. तिथून छिन्नी आरपार गेली की भ चा म होतो, ध चा घ. ‘भवानी’ची ‘मवानी’. ध चा मा करून पेशवाईत जे झालं ते झालं, दगडात निदान आपण टाळू शकतो. म्हणून कोरायला बसण्याआधी जिथे जिथे शिरोरेषा तुटते तिथे लाल पेन्सिलने ठसठशीत फुली मारा.

कोरणं

खाच व्ही आकाराची. दोन उतार मध्ये मिळतात, वर उजेड आणि सावली पडते आणि अक्षर वाचता येतं. दोन्ही उतारांमधला कोन ९० अंश ठेवला तर ८ मिलिमीटरच्या रेघेची खोली ४ मिलिमीटर येते, ६० अंश ठेवला तर जवळजवळ ७. फरशीसारख्या इंचभर दगडात ९० च बरा. जाड दगड असेल आणि पाटी सावलीत लागणार असेल तर खोल जा.

दगड जमिनीवर आडवा ठेवण्यापेक्षा घोडीवर किंवा भक्कम स्टँडवर जवळजवळ उभा टेकवा, धूळ खाली पडते, पाठ वाचते, आणि अक्षर जसं भिंतीवर दिसणार तसंच समोर दिसतं. आपले पाथरवट मांडी घालून दगड पुढ्यात घेऊन बसतात आणि त्यांचं काम बघत राहावं असं असतं, पण ती बैठक लहानपणापासूनची आहे.

छिन्नी मुठीत आवळायची नाही. अंगठा आणि पहिली दोन-तीन बोटं, करंगळी दगडावर टेकलेली. नजर छिन्नीच्या धारेवर, डोक्यावर नाही, हातोडी डोकं आपोआप शोधते. ठोके हलके, लागोपाठ, एका लयीत. एक मोठा ठोका मारून थांबायचं, परत बघायचं, परत मारायचं असं केलं की खाच पायऱ्या-पायऱ्यांची होते.

एक दंड घ्या. मधोमध रेघ काढा. त्या मधल्या रेघेवर छिन्नी कलती धरून उथळ चर पाडत जा, पूर्ण लांबीचा. मग एका बाजूने चराकडे उतरता उतार काढत चर रुंद करा, मग दुसऱ्या बाजूने. कडेच्या रेघेपासून मिलिमीटरभर आत थांबा. चर खोल करा, परत रुंद करा, दोन-तीन फेऱ्यांत खोली येते. शेवटचा मिलिमीटर सगळ्यात शेवटी, ताज्या धारेने, अगदी पातळ पापुद्रा काढल्यासारखा आणि रेघेच्या बाजूबाजूने. ठोक्याची दिशा कधीही आतून बाहेर, कडेच्या दिशेने नको, टवका बाहेरच्या पृष्ठभागावर उडतो आणि मग रेघ जाड करण्याशिवाय गत्यंतर नसतं. रेघेच्या टोकाला आलात की उलटे फिरा, टोकापासून आतल्या बाजूला कोरा.

दंड आणि शिरोरेषा मिळतात तो सांधा नीट समजून घ्या, कारण प्रत्येक दुसऱ्या अक्षरात तो आहे. दोन्ही सारख्याच रुंदीच्या असतील तर दोन्ही घळींचा तळ एकाच खोलीवर भेटतो आणि वरून इंग्रजी टी सारखी स्वच्छ रेघ दिसते. शिरोरेषा ६ मिलिमीटर आणि दंड ८ असेल तर ९० अंशात एकीची खोली ३, दुसऱ्याची ४, आणि सांध्यात एक मिलिमीटरची पायरी उरते. ती तशीच सोडली तर उन्हात तिथे काळा ठिपका दिसतो. उपाय सोपा, दंडाचा तळ शेवटच्या बोटभर अंतरात हळूहळू वर चढवत शिरोरेषेला नेऊन मिळवा. मी दंड आधी कोरतो आणि शिरोरेषा शेवटी, शब्दाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत एकाच बैठकीत, म्हणजे तिची जाडी एकसारखी राहते. काही जण उलटं करतात. पण मधेच अर्धी शिरोरेषा ठेवून दुसऱ्या दिवशी पुढे जाऊ नका, हात बदललेला दिसतो.

गोल भागात, म्हणजे ट, ठ, व च्या पोटात, रुंद छिन्नी चालत नाही, बारीक घ्या आणि आतल्या वळणावर छिन्नीचा फक्त एक कोपरा लावा. बाहेरचं वळण आधी, आतलं नंतर. बंद पोकळी, म्हणजे व च्या पोटातलं ते बेट, सगळ्यात नाजूक, तिच्या चारी बाजूंनी खाच आली की ती आधाराशिवाय उभी असते, तिथे हातोडी बाजूला ठेवून छिन्नी नुसत्या हाताने दाबून घासली तरी चालतं.

सराव कसा करायचा? आधी नुसते दंड, शेजारी शेजारी, एका कटपीसवर भरून टाका. मग आडव्या रेघा, मग तिरप्या, मग ट ची वाटी. कंटाळा येईल, येऊ द्या. पहिला शब्द ‘गगन’ किंवा ‘नमन’, दंड भरपूर आणि वर-खाली काहीच नाही. मग ‘पाट’, ‘वारा’. वेलांटीचे शब्द त्यानंतर. शाळेत ‘कमळ’ पहिल्या धड्यात असतं, दगडात ते बरंच पुढे ठेवा, क ची दोन पोटं आणि ळ ची दोन भोकं एकाच शब्दात.

उठावाची अक्षरं, म्हणजे अक्षर वर ठेवून आजूबाजूचा दगड खाली उतरवायचा, हा वेगळा प्रकार आहे. आपल्याकडच्या निजामशाही-आदिलशाहीतल्या फारसी लेखांत तो भरपूर दिसतो आणि पुढे मराठी लेखांतही. दिसतं फार देखणं, पण काम कित्येक पट. आधी खोदीव अक्षर हातात बसू द्या.

जुने लेख बघायला जाताना

अलिबागजवळ अक्षीचा शिलालेख (शके ९३४, म्हणजे इसवी सन १०१२ चा मानला जातो), सोलापूरकडचा हत्तरसंग कुडलचा, पंढरपूरच्या मंदिरातला चौऱ्याऐंशीचा लेख, रायगडावर जगदीश्वराच्या पायरीचा, गडाचं बांधकाम करणाऱ्या हिरोजी इंदुलकरांचा. आपल्या कामासाठी ही खरी शाळा, फक्त सकाळी किंवा संध्याकाळी तिरपं ऊन असताना जा, दुपारी बाराला काही दिसणार नाही. जागा अंधारी असेल तर टॉर्च बाजूने आडवी धरा. खडू किंवा पीठ चोळून फोटो काढू नका, दगड झिजतो आणि खडू भेगांत कायमचा बसतो. आणि शिकलेली कला किल्ल्याच्या भिंतीवर आजमावू नये हे खरं तर सांगायला लागू नये, संरक्षित स्मारकावर नाव कोरणं हा प्राचीन स्मारकांच्या १९५८ च्या कायद्याखाली गुन्हा आहे.

टवका उडाला तर

छोटा असेल तर त्याच दगडाची चाळलेली भुकटी अराल्डाइटमध्ये (दोन नळ्यांतला इपॉक्सी गोंद) कालवून भरा, कडक झाल्यावर वॉटर पेपरने सपाट करा. कडप्प्यावर सहज खपून जातं, पांढऱ्या संगमरवरावर काही काळाने डाग पिवळट होतो. अक्षरच चुकलं, वेलांटी उलटी पडली, तर दोनच रस्ते: अख्खा पृष्ठभाग खाचेच्या खोलीइतका, म्हणजे चार-पाच मिलिमीटर घासून उतरवायचा, नाहीतर नवीन दगड. बऱ्याचदा नवीन दगड स्वस्त पडतो.

रंग, बसवणं आणि पुसणं

कडप्प्याला रंगाची गरजच नाही. संगमरवरात मात्र पांढऱ्यात पांढरं वाचता येत नाही, आणि रंग थेट भरला तर तो दगडात झिरपून अक्षराभोवती धुरकट कडा येतात. म्हणून आधी खाचेत चपडा लाखेचे, म्हणजे फ्रेंच पॉलिशचे, दोन पातळ हात द्या. वाळलं की रंग भरा, कडेबाहेर गेला तरी हरकत नाही, पूर्ण वाळल्यावर वरचा पृष्ठभाग ४०० नंबरच्या वॉटर पेपरने घासला की बाहेरचा रंग जातो आणि खाचेतला राहतो.

भिंतीवर लावताना चारी कोपऱ्यांना स्टेनलेस स्टीलच्या पिना, साधं लोखंड गंजून फुगतं आणि दगडाचा कोपरा उडवतं. जागा निवडायला मिळाली तर अशी भिंत बघा जिच्यावर ऊन तिरपं येतं, समोरून थेट नाही. आणि घरच्यांना बजावून ठेवा की दिवाळीच्या साफसफाईत पाटीवर टॉयलेट क्लीनर किंवा फरशीचं ॲसिड अजिबात ओतायचं नाही. तो लिंबाच्या थेंबाचाच प्रयोग आहे, फक्त शंभरपट जोराचा, एका पुसण्यात कडा गोल होतात. साधं पाणी आणि मऊ ब्रश.